एकत्र लिहायचं, पण ठेवायचं कुठे?

संशोधन करणारे चार-पाच जण मिळून लिहायचं ठरवतात, तेव्हा पहिला वाद प्लॅटफॉर्मवरून होतो. कुणाला देखणा हवा, कुणाला फुकट. तुमच्या गटातही असंच चाललं असेल, तर आधी दोन जुनी उदाहरणं बघा.

पहिलं जिओसिटीजचं. १९९४ साली सुरू झालेल्या या सेवेत कुणालाही फुकट पान मिळायचं. विषयवार वस्त्या होत्या, लोकांनी हौसेनं पानं सजवली. १९९९ मध्ये याहूनं ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीच पानं उतरवून घेतली. पण जी राहिली ती गेलीच. लिहिणारे हजर होते, पण किल्ली त्यांच्या हातात नव्हती.

दुसरं अर्काइव्हचं, जिथे आपण रोज प्रीप्रिंट शोधतो. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ते सुरू केलं. तेव्हा पेपर ईमेलनं मागवावे लागत. दिसायला काहीच नव्हतं! पण लेखक टेकमधली मूळ फाइल देत. ती साधा मजकूर असते, कुठल्याही संगणकावर उघडते. म्हणून ईमेलवरून वेबवर जाताना जुने पेपर अडकले नाहीत. २००१ मध्ये गिन्स्पार्ग कॉर्नेल विद्यापीठात गेले, त्यांच्यासोबत अर्काइव्हही गेलं. १९९१ मधल्या पेपरचे क्रमांक आजही चालतात.

अर्थात, वाचायला फुकट म्हणजे चालवायलाही फुकट, असं नाही. अर्काइव्हच्या खर्चाला कॉर्नेलसोबत अनेक संस्था हातभार लावतात. जिओसिटीजचं भवितव्य मात्र एका कंपनीच्या निर्णयावर होतं.

तेव्हा प्लॅटफॉर्म निवडताना रंगरूप शेवटी बघा. आधी तीन गोष्टी विचारा. सगळा मजकूर साध्या स्वरूपात बाहेर काढता येतो का? जागा बदलली तरी जुने दुवे चालतील का? आणि पासवर्ड एकाकडेच आहे का? कारण तो एकजण कधीतरी थीसिस जमा करून निघून जाणारच.

उत्तरं नीट मिळाली, तर साधा प्लॅटफॉर्मही पुरतो. नाही मिळाली, तर आजच सगळ्या लेखांची एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा.