मानसोल्लास ते लिनक्स : खेळाच्या मालकीचा इतिहास



आयुष्यभर हस्तलिखितांच्या पाठभेदांत रमलेल्या एका म्हाताऱ्याने संगणकावरील खेळांविषयी व्याख्यान द्यावे, हा विषय पत्रिकेवर वाचून आपणांपैकी अनेकांना गंमत वाटली असेल. मलाही आरंभी ती वाटली होती. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला एक सवय लावली होती. कोणतीही गोष्ट हाती आली की ती कोणी केली, कोणी राखली आणि कोणी बदलली, हे तीन प्रश्न विचारावयाचे. पोथीला विचारावयाचे हे प्रश्न मी गेली काही वर्षे नातवंडांच्या खेळांना विचारीत आलो आहे. त्यांची जी उत्तरे मिळाली, ती आज आपल्यापुढे मांडतो.

आरंभ घरापासून करू. बसवकल्याण हे आज बीदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. एके काळी ते कल्याणी चालुक्यांच्या राजधानीचे नगर होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके 1051, म्हणजे इ.स. 1129 मधील. मराठीच्या अभ्यासकाला तो परिचित आहे, कारण महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे आणि आपल्या भाषेचे काही फार जुने नमुनेही त्यात सापडतात. वीस वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे शंभर अध्याय. आणि त्यांतील शेवटची विंशती आहे क्रीडाविंशती. बुद्धिबळ, फासे, कवड्या असे पटावरचे खेळ कसे मांडावेत, सोंगट्यांची चाल कशी असावी, हे त्यात सांगितले आहे. एका राजाला राज्यनीती आणि पाकशास्त्र यांच्या शेजारी सोंगट्यांची चाल लिहून ठेवावीशी वाटली, याचे आम्ही पुरेसे कौतुक केलेले नाही. चाल लिहिली गेली की ती वाचणाऱ्याची होते. ग्रंथ हाती पडलेला कोणीही अंगणात पट आखून बसू शकतो. त्यासाठी सोमेश्वराची अनुज्ञा लागत नाही.

लोकांच्या खेळांना तर राजाच्या ग्रंथाचीही गरज पडली नाही. आपल्याकडे भालकी, औराद, आळंद या भागांत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एकाच देवळाच्या ओट्यावर खेळत मोठी झाली. आम्ही वाघबकरी म्हणत होतो, कन्नड सोबती आडु-हुली म्हणत. खडूने आखलेला पट तोच. चौकाबाऱ्याला एका आळीत एक नियम, तर शेजारच्या आळीत दुसरा. मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानदेवांना देते. त्याला भक्कम लेखी पुरावा नाही. पण त्या श्रेयामागची भावना मला महत्त्वाची वाटते. खेळाला कर्ता आहे, मालक मात्र नाही, अशी ती भावना आहे.

संगणक आला आणि हे चित्र पालटले. संगणकावरील खेळ म्हणजे आज्ञांची एक लांबलचक माळ. माणूस ती वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहितो. तिला आपण मूळ आज्ञावली म्हणू. नंतर यंत्राकरिता तिचे रूपांतर होते, आणि ते रूप माणसाला जवळजवळ अगम्य असते. विकत मिळतो तो खेळ बहुधा या दुसऱ्या रूपात. खेळा, पण आत पाहू नका. खेळा, पण नियम बदलू नका, असा तो करार असतो.

मराठीच्या प्राध्यापकाला येथे सकळ लिपी आठवली नाही, तरच नवल. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत ठेवले. अक्षरे डोळ्यांसमोर असत, किल्ली मात्र पंथाच्या मठात. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आदी संशोधकांनी ती उलगडली, तेव्हा कोठे ‘लीळाचरित्रा’चे गद्य मराठी वाचकांपुढे येऊ शकले. मी तरुणपणी या बंदिस्तपणाला सरसकट नावे ठेवीत असे. पुढे हस्तलिखिते हाताळल्यावर मत थोडे बदलले. किल्ली थोड्यांच्याच हाती असल्यामुळे त्या ग्रंथांत बाहेरच्या कोणा हौशी लेखकाची भर पडली नाही. उलट ज्ञानेश्वरी सर्वांच्या मुखी आणि सर्वांच्या लेखणीत गेली आणि तिच्यात इतके अपपाठ शिरले, की शके 1506 मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. आपली ओवी पदरची घालू नका, असे त्यांना पुढच्यांना बजावावे लागले. मोकळेपणाचीही किंमत असते. संगणकाच्या जगाने ती किंमत कशी चुकविली, हा या इतिहासाचा मला सर्वांत रोचक वाटणारा भाग आहे.

आता थोडे दूर, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जाऊ. 1969 मध्ये केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाने ग्रहमालेत यान फिरविण्याचा ‘स्पेस ट्रॅव्हल’ नावाचा खेळ लिहिला. मोठ्या यंत्रावर एक डाव खेळावयाचा तर संगणकाच्या वेळेचा खर्च सुमारे 75 डॉलर होई. म्हणून त्याने अडगळीत पडलेले एक लहान यंत्र, पीडीपी-7, शोधून काढले आणि खेळ त्यावर आणला. त्याच यंत्रावर त्याने व डेनिस रिची आदी सहकाऱ्यांनी जी कार्यप्रणाली उभारली, ती युनिक्स. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. पडदा, कळफलक, स्मृती यांना कामाला लावणारी आज्ञावली. मुलांनी संगणकावर खेळू नये म्हणून दटावणाऱ्या पालकांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो. अर्थात त्यांचे समाधान होत नाही.

1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी, परंतु सर्वांना मोकळी अशी प्रणाली रचण्याची घोषणा केली. तिचे नाव ग्नू. त्यांच्या परवान्याचे मर्म असे : आज्ञावली वाचा, बदला, वाटा, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल, तर तिचे मूळही त्याच मोकळीकीने द्या. 1991 मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला. तो लिनक्स. आणि पाठभेदांचे काय? 2005 मध्ये टॉरवाल्ड्स यांनीच ‘गिट’ नावाचे साधन रचले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद त्यात राहते. एकनाथांच्या काळी असे साधन असते, तर आम्हा पाठचिकित्सकांचा निम्मा धंदा बसला असता!

लिनक्सवर खेळ आले ते दोन वाटांनी. एक वाट हौशी लेखकांची. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये ‘फ्रीसिव्ह’ हा संस्कृती उभारण्याचा खेळ मुक्त केला. 2003 मध्ये ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ आला. हे दोन्ही खेळ आजही जिवंत आहेत. मूळ कर्ते बाजूला झाले तरी दुसऱ्यांनी ते पुढे चालविले.

दुसरी वाट बाजाराची, आणि तिच्यावर काटे पुष्कळ. 1998 मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर ही संस्था निघाली. विंडोजसाठीचे प्रसिद्ध खेळ लिनक्सवर आणून विकावयाचे, असा तिचा व्यवसाय होता. ग्राहक थोडे, खर्च मोठा. जानेवारी 2002 मध्ये ती बंद पडली. परंतु तिच्याकडे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी रचलेले ‘एसडीएल’ हे साधन मुक्त होते आणि ते अजूनही असंख्य खेळांच्या पायाशी आहे. दुकान मोडले, पण पडद्यावर चित्र उमटविण्याचे व कळ ओळखण्याचे तिचे कसब सार्वजनिक झाले होते.

‘डूम’ची कथा याहून बोधक आहे. हा खेळ 1993 च्या डिसेंबरात आला आणि गाजला. हिंसा भरपूर, मला तो आवडत नाही. त्याच्या कर्त्यांनी 1997 मध्ये मूळ आज्ञावली प्रकट करण्याचे ठरविले, तेव्हा अडचण आली. त्याच्या मूळ प्रतीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो देता येईना. म्हणून त्यांनी लिनक्ससाठी केलेली प्रत खुली केली. पुढे तीच प्रत ग्नूच्या परवान्याखाली आली आणि कर्त्यांनी स्वप्नातही न पाहिलेल्या यंत्रांवर हा खेळ लोकांनी चालवून दाखविला. त्या काळातील कितीतरी बंदिस्त खेळ त्यांच्या यंत्रांबरोबरच संपले. किल्लीधारी मठ उठला की पोथी मुकी होते, तसेच हे.

अलीकडचा अध्याय मोठ्या व्यापाऱ्याचा आहे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने 2013 मध्ये आपले ‘स्टीम’ हे खेळांचे दालन लिनक्सवर आणले आणि 2018 मध्ये ‘प्रोटॉन’ ही दुभाष्यासारखी व्यवस्था दिली. तिच्यामुळे विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर चालतो. तिच्या मुळाशी ‘वाइन’ हा 1993 पासून चालत आलेला मुक्त प्रकल्प आहे. 2022 मध्ये निघालेले त्यांचे हातात धरण्याचे ‘स्टीम डेक’ हे यंत्र लिनक्सवरच चालते. लोकी संस्थेला जे साधले नाही, ते येथे साधले. मात्र येथे हुरळून जाण्याचे कारण नाही. ओटा सर्वांचा झाला, तरी त्यावर मांडलेले बहुतेक पट कुलपातलेच आहेत. फसवणूक रोखण्यासाठी जोडलेल्या बंदिस्त आज्ञावलींमुळे काही लोकप्रिय स्पर्धात्मक खेळ तर या ओट्यावर अजूनही बसत नाहीत.

मराठी मुलापर्यंत हे केव्हा पोहोचले? 2007 मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. जेमतेम वीस-बावीस मुले, आणि प्रत्येकाच्या हाती हिरवे-पांढरे लहानसे यंत्र. त्यातील प्रणाली लिनक्सवर बेतलेली होती. याच योजनेच्या निमित्ताने ‘सिमसिटी’ हा 1989 चा नगररचनेचा विख्यात खेळ त्याच्या मालक कंपनीने दिला आणि 2008 मध्ये त्याची मूळ आज्ञावली ‘मायक्रोपोलिस’ या नावाने मुक्त झाली. योजना पुढे भारतात फोफावली नाही. यंत्रे महाग पडली आणि शिक्षकाच्या तयारीकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे माझे मत आहे. खेळ मात्र मुक्त झाला तो झालाच.

आपल्या सीमाभागाचा प्रश्न यापुढचा आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. आपण येथे राहिलो. येथील मराठी शाळेतील मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड आणि उर्दू. त्याच्यासाठी मराठीत खेळ तयार करणे कोणा व्यापाऱ्याला परवडणार? तो दोषी नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे. पण लिनक्सवर या हिशेबावाचून काम होऊ शकते. पुण्यातील रेड हॅट या कंपनीतील भाषांतरकारांनी व इतर स्वयंसेवकांनी ‘ग्नोम’ या लिनक्सवरील पडदा-व्यवस्थेचे मराठीकरण केले, त्यात तिच्याबरोबर येणारे लहान खेळही आले. 2004 मध्ये त्याच कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे मुक्त टंक दिले आणि पुढे त्यांत मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ साठी लोहित मराठी असा वेगळा टंक आला. हिंदी वळणाच्या अक्षरांनी आपली मुले गोंधळतात, ही तक्रार मी वर्गात वर्षानुवर्षे केली. येथे तिचे उत्तर कोणीतरी करून ठेवले होते. कर्नाटकातही 2011 नंतर माध्यमिक शिक्षकांच्या विषय-मंचांतून उबुंटू या लिनक्स-प्रकारावर प्रशिक्षण झाले, तेव्हा ही प्रणाली आपल्या शिक्षकांना अगदीच परकी नाही.

एक अनुभव सांगून थांबतो. आपल्याच भागातील एका शाळेला काही वर्षांपूर्वी वापरलेले संगणक देणगी मिळाले. त्यांतील प्रणालीचा परवाना कोणाच्या नावे होता, हे देणाऱ्यालाही सांगता येईना. रोज पडद्यावर इशारा झळके आणि यंत्रे कापडाखाली झाकली गेली. दीड वर्ष गेले. दिवाळीच्या सुटीत आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने दोन दिवस बसून त्यांवर लिनक्स घातले. त्या वेळी मी तेथे होतो. सातवीतील एक मुलगी सुरुंग टाळण्याचा खेळ उघडून बसली होती. सूचनेतील ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर तुटक दिसत होता. ‘र’ एकीकडे, ‘या’ दुसरीकडे, मध्ये एक उभी खूण. तिने शब्द अडखळत वाचला आणि “सर, हे चुकलंय,” असे मला सांगितले. अर्धा ‘ऱ’ हे मराठीचे खास लेणे, छापखान्यांनीही त्याचे हाल केलेले. मी तिला त्याचा इतिहास सांगू लागलो. तेवढ्यात त्या तरुणाने जुना टंक काढून नवा बसविला, खेळ बंद करून पुन्हा उघडला. मुलीने शब्द सलग वाचला, माझा इतिहास अर्ध्यावर सोडला आणि दुसरा डाव मांडला.