सडा, समुद्र आणि तिठा : मिरकरवाडा–हातखंबा मार्गावरील महामार्गवस्तीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कोकण म्हटले की समुद्र, नारळी-पोफळी आणि मुसळधार पाऊस डोळ्यांसमोर येतो. तथापि रत्नागिरी तालुक्याचा मोठा भाग जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांनी व्यापलेला आहे. ‘सडा’ किंवा ‘कातळ’ या नावांनी ओळखली जाणारी ही पठारे पावसाळा संपल्यावर काही महिन्यांतच ओसाड होतात. मिरकरवाडा बंदरात उतरणारी मासळी याच सड्यांवरून हातखंबा तिठ्यामार्गे घाटमाथ्याकडे जाते. बंदराचा अभ्यास मच्छीमारीच्या अंगाने, तर महामार्गाचा अभ्यास दळणवळणाच्या अंगाने केला जातो; या दोहोंच्या मध्ये रस्त्याच्या आधाराने जगणारी वस्ती मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या वस्तीच्या घडणीचा विचार केला आहे.

कातळावरील पाणी व वस्ती

या परिसरात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा खडक सच्छिद्र असल्याने पाणी मुरते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून सरकत उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच जुन्या वाड्या सड्यावर न वसता त्याच्या कुशीत, पऱ्याच्या व विहिरीच्या आधाराने वसल्या. सडा गवत, गुरे आणि चिरेखाणी यांसाठी राहिला. उक्षी, जांभरुण, कशेळी येथील कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत झाला. माणसाचा सड्यावरील वावर प्राचीन असल्याचे ती सांगतात; परंतु वावर आणि वस्ती यांत भेद आहे. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना सुरू झाली आणि कातळात खड्डे फोडून हापूसची कलमे लावण्यास चालना मिळाली. त्याही आधी सड्याला माणसांची वर्दळ दिली ती रस्त्याने.

मार्ग बदलले, बाजार हलले

कोकणातील बाजारपेठांचा इतिहास हा बहुतांशी वाहतुकीच्या साधनांचा इतिहास आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेले राजापूर खाडी व अणस्कुरा घाट यांच्या जोरावर भरभराटले. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि आगबोटींचा काळ आल्यावर समुद्रकाठच्या बंदरांचे महत्त्व वाढले. रत्नागिरीचे मुंबईशी नाते दीर्घकाळ बोटीचे होते आणि पावसाळ्यात ते तुटत असे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास 1886 मध्ये येथे आणून ठेवण्यामागे हा दुरावाही कारणीभूत होता.

स्वातंत्र्योत्तर काळात मोटाररस्त्याने हे चित्र पालटले. मुंबई-गोवा मार्गास रत्नागिरीचा रस्ता मिळतो तो शहरापासून सुमारे 13 किलोमीटरवरील हातखंबा येथे. तेथून थोडे दक्षिणेस पाली येथे आंबा घाटाचा, म्हणजेच कोल्हापूरचा रस्ता फुटतो. या जोडरचनेमुळे मुंबई, गोवा, कोल्हापूर आणि मिरकरवाडा या चारही दिशांची वाहतूक एका छोट्या पट्ट्यात एकवटली.

तिठ्यावरील जीवन

तिठ्याची अर्थव्यवस्था वाहन थांबण्यावर उभी असते. चहाची टपरी, खाणावळ, पंक्चरचे दुकान, एस.टी.चा थांबा यांना ना पाण्याची मुबलकता लागते, ना सुपीक जमीन. शेतीस निरुपयोगी ठरलेली जागा अशा रीतीने उपजीविकेची जागा बनते. जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. तसेच 2001 च्या तुलनेत लोकसंख्याही घटली होती. मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात घराजवळ मिळणाऱ्या रोख उत्पन्नाचे मोल त्यावरून कळते. या जीवनाला स्वतःचे ऋतुचक्रही आहे. शिमगा व गणेशोत्सवात वर्दळ वाढते. जूनपासूनच्या पावसाळी मासेमारीबंदीत बर्फातील मासळीचे ट्रक बंद होतात. समुद्रावरील नियमाचा परिणाम असा सड्यावरील टपरीपर्यंत पोहोचतो.

थांब्याचे भवितव्य

1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्णतः सुरू झाली आणि 1999 पासून कोलाड-वेर्णा दरम्यान मालट्रकच रेल्वेवरून जाऊ लागले. तिठा टाळून जाणाऱ्या वाहतुकीचा हा पहिला अनुभव होता. पनवेल-इंदापूर टप्प्याने 2011 मध्ये सुरू झालेले महामार्गाचे चौपदरीकरण दीर्घकाळ रखडले. ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूण येथे बांधकामाधीन उड्डाणपुलाचा भाग कोसळला. रस्त्यालगतच्या लोकांनी धूळ, अपघात व भूसंपादन सोसले. वेगवान आणि सुरक्षित रस्ता ही त्यांचीही गरज आहे. परंतु चौपदरी मार्गाचे यश वाहने न थांबण्यात असते, तर तिठ्याचे जीवन ती थांबण्यात. भूसंपादनाचा मोबदला जमिनीच्या व बांधकामाच्या मालकास मिळतो. थांब्यावर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकीचे मोजमाप त्यात होत नाही.

समारोप

राजापूरची पेठ गाळाने मागे पडली. तिठा मागे पडलाच तर तो आखणीने पडेल. गाळ कोणास विचारून साचत नाही, आखणी मात्र विचारून करता येते. सेवारस्ता, एस.टी.चा थांबा आणि स्थानिक विक्रेत्यांसाठी जागा यांचा निर्णय रस्त्याच्या आराखड्यातच झाला पाहिजे. अन्यथा मिरकरवाड्याची मासळी कोल्हापूरला लवकर पोहोचेल. वाटेवरचा सडा मात्र पुन्हा गवत आणि गुरांपुरता उरेल.