राजा दीनदयाळ आणि त्यांची गिऱ्हाइके

हिंदुस्थानातील छायाचित्रणाचा इतिहास सांगताना राजा दीनदयाळ यांचे नाव अग्रभागी घेण्याची प्रथा आहे, आणि ती यथायोग्यच आहे. परंतु त्यांच्या चित्रांची स्तुती करणारे लेखक त्यांच्या धंद्याविषयी बहुधा मौन पाळतात. चांगले चित्र काढणारे त्या काळी आणखीही होते. बोर्न आणि शेफर्ड यांच्यासारखी नामांकित युरोपियन पेढी कलकत्त्यास होती. असे असता, इंदूरच्या बांधकाम खात्यातील एका एतद्देशीय नोकराकडे व्हाइसरॉय, निजाम आणि लष्करी अंमलदार पुनःपुन्हा का येत राहिले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते १८६६ साली इंदूर येथे नोकरीस लागले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांस उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही दिले. डेलीसाहेबांच्या ओळखीने व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे समूहचित्र घेण्याची संधी मिळाली, आणि पाठोपाठ १८७५-७६ च्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यातील कामही आले. डेलींच्या मागून आलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी त्यांस बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर नेले. त्यातून मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथ १८८६ साली निघाला. अधिकारी बदलून जात, पण जाताना आपला छायाचित्रकार पुढच्याच्या हवाली करून जात. जाहिरातीने हे साधत नाही. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्यापाशी आपण होऊन शब्द टाकावा, इतका भरवसा त्यासाठी आधी निर्माण करावा लागतो.

हा भरवसा कशाचा? आमच्या मते तो मुख्यतः काचेचा होता. आजच्या वाचकास त्या काळची यातायात सहज कळणार नाही. आरंभीच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा ओला लेप चढवून, तो वाळण्याच्या आत चित्र घेऊन ते तेथेच धुवावे लागे. अंधारखोलीचा तंबू, बाटल्या आणि काचांच्या पेट्या बैलगाडीतून हलवाव्या लागत. पुढे कोरड्या काचा आल्या, तरी ओझे व फुटण्याचे भय राहिलेच. दीनदयाळ अशा काचांवर क्रमांक घालीत. तो क्रमांक व त्यांचे नाव छापील चित्राच्या कोपऱ्यात उमटलेले आजही दिसते. ज्या गिऱ्हाइकापाशी क्रमांक आहे, त्यास बदली होऊन दूर गेल्यावरही प्रत मागविता येते. काच जपणे म्हणजे गिऱ्हाईक जपणेच होय, आणि खात्यात हिशेब व नकाशे सांभाळलेल्या माणसास हे शिकवावे लागले नसावे.

नोकरीतून दोन वर्षांची रजा घेऊन त्यांनी आपला चित्रसंग्रह वाढविला आणि पुढे नोकरीच सोडली. १८८५ च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचा आश्रयही त्यांस लाभला. निजामांनी त्यांस ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. दुसरा एखादा याच सुखात विसावला असता. दीनदयाळ यांनी मात्र दरबाराचा मान घेऊनही पेढी छावणीच्या सिकंदराबादेत थाटली. तेथे पलटणींचे अंमलदार, त्यांची कुटुंबे व पेठेतील प्रतिष्ठित मंडळी येत. १८९६ साली मुंबईसही पेढी निघाली. दरबाराचे मोठे काम केव्हा येईल याचा नेम नसतो. छावणीतील लहान गिऱ्हाईक बारमाही असते.

१८९२ साली हैदराबादेत त्यांनी केवळ स्त्रियांसाठी चित्रशाळा उघडली. भोवती उंच भिंती, कारभार श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे. पडद्यातील स्त्रीचे चित्र परपुरुषाने घ्यावे, ही गोष्ट त्या समाजात अशक्य होती. गिऱ्हाइकाने आपली रीत मोडून पेढीवर यावे असा हट्ट न धरता, त्यांनी पेढीच गिऱ्हाइकाच्या रीतीप्रमाणे बांधली. त्यांच्या साऱ्या किताबांपेक्षा आम्हांस ही चित्रशाळा मोठी वाटते.

या संबंधांस दुसरीही बाजू होती, आणि ती झाकणे इतिहासलेखकास शोभणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळात निजाम सरकारने चालविलेल्या कामांची चित्रे दीनदयाळ यांच्या पेढीने घेतली. त्यांत आपल्या मराठवाड्याचा, त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्याचा, भाग आहे. चित्रे घेण्याचा हेतू सरकारने केलेले साहाय्य दाखविणे हा होता. गिऱ्हाईक सरकार असल्यावर भुकेल्यांची रांगही नीटनेटकी उभी राहते. दीनदयाळ यांस याबद्दल दोष देण्याचे आमच्या मनात नाही. परंतु ती चित्रे पाहताना पैसे कोणी मोजले होते याचे स्मरण ठेवलेले बरे.

१८९७ साली व्हिक्टोरिया राणीचा अधिकारपट मिळाला. त्यानंतरचा काळ मात्र फार नव्हता. पुत्र धर्मचंद १९०४ साली निवर्तले, आणि ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळही गेले. दुसरे पुत्र ज्ञानचंद यांनी सिकंदराबादेस धंदा पुढे चालविला. पण ज्यांनी एकमेकांपाशी शब्द टाकला होता ती पिढी सरत आली होती. स्वतः निजाम १९११ साली वारले. काचा मात्र वंशजांनी जपल्या. त्यांतील २८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.