साच्यांमागचे यंत्र : विकिपीडियाच्या ‘विभागां’चा इतिहास

१/९
विकिपीडियावर एखाद्या शहराचा किंवा राजाचा लेख उघडला की कडेला माहितीचौकट दिसते. हजारो लेखांत ती सारख्याच घडणीची असते, कारण ती ‘साच्या’तून उमटते. हा साचा आतून कसा चालावा, यावरून विकिसमाजाला बरीच वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याचा हा इतिहास.

२/९
२००४ साली मीडियाविकी या प्रणालीत साच्यांना स्वतंत्र नामविश्व मिळाले. हेतू साधा होता : वारंवार लागणारा मजकूर एकदाच लिहावा आणि हवा तिथे वापरावा. पण संपादकांच्या गरजा वाढत गेल्या. रकाना रिकामा असेल तर ओळ लपवायची कशी? एप्रिल २००६ मध्ये टिम स्टार्लिंग यांनी जर-तर आणि आकडेमोड करणारी ‘पार्सर फंक्शन्स’ आणली.

३/९
मजकुराची मांडणी करण्यासाठी असलेल्या खुणांतून अशा रीतीने एक प्रोग्रॅमिंग भाषा उभी राहिली. ती कोणी विचारपूर्वक रचलेली नव्हती. शब्दाची पहिली काही अक्षरे वेगळी काढण्याची सोय तीत नव्हती. म्हणून रिकामी जागा भरण्याच्या आदेशाला वळसा घालून ते काम साधले जाई. महिरपी कंसांच्या ढिगात एक कंस सुटला तर चूक नेमकी कुठे आहे, हे सांगणारे काहीही नसे. शेकडो संदर्भ असलेली पाने तयार व्हायलाही फार वेळ लागे.

४/९
यावरचा उपाय सापडला ब्राझीलमध्ये जन्मलेल्या भाषेत. १९९३ साली रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुझालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुईस एन्रिके दे फिगेरेदो यांनी ‘लुआ’ रचली. तिच्या आधीच्या एका भाषेचे नाव होते ‘सोल’, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. म्हणून ही ‘लुआ’, म्हणजे चंद्र. लहान, वेगवान आणि दुसऱ्या प्रणालीच्या पोटात सहज बसणारी, हे तिचे गुण.

५/९
व्हिक्टर वासिलिएव आणि स्टार्लिंग यांच्या ‘स्क्रिबुन्टो’ या विस्ताराने लुआ विकीत आणली. या लॅटिन नावाचा अर्थ ‘त्यांनी लिहावे’. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती इंग्रजी विकिपीडियावर आली, तर मार्चमध्ये इतर भाषांतील विकिपीडियांवर. मराठीत या नामविश्वाला ‘विभाग’ म्हणतात. लेखात साचा, साच्यात विभागाला हाक आणि विभागात खरी आज्ञावली, अशी ही उतरंड.

६/९
सामान्य संपादकाने लिहिलेली आज्ञावली थेट सर्व्हरवर चालवणे हे धाडसच होते. त्यामुळे बंधने आली : सर्व्हरवरील फायलींना हात लावता येत नाही, आणि एका पानावरील सर्व विभागांना मिळून सुमारे दहा सेकंदांचीच मुदत.

७/९
दोष शोधण्याची रीतही पालटली. आता पानावर लाल अक्षरांत त्रुटी दिसते. तिच्यावर टिचकी मारली की चूक कोणत्या ओळीत आहे आणि तिथवर हाक कशी पोहोचली, ते कळते. संपादनपेटीखाली आज्ञा तपासून पाहण्याची जागा असते. बदल जतन करण्याआधी तो एखाद्या पानावर कसा दिसेल, तेही पाहता येते. तरीही बदल आधी धूळपाटीत तपासावा लागतो, कारण विभागातली एक चूक एकाच वेळी हजारो लेख बिघडवू शकते.

८/९
मराठीची खरी अडचण इथे सुरू होते. अनेक विभाग इंग्रजीतून उचललेले असतात. लुआचे मूळ मोजमाप बाइटांचे आहे : ‘पुणे’ची लांबी ती १२ सांगते. विकीने पुरवलेली युनिकोड-जाणती आज्ञा ४ सांगते, कारण ती उकार आणि मात्रा वेगळ्या मोजते. वाचकाला मात्र दोनच अक्षरे दिसतात. जन्मवर्ष ‘१८८९’ असे देवनागरीत भरले, तर लुआला ती संख्याच वाटत नाही. अंक आधी बदलून घेतले नाहीत, तर वयाची वजाबाकी तिथेच कोसळते.

९/९
उसन्या आज्ञावलीसोबत दुसऱ्या लिपीची गृहीतकेही येतात. ती आपोआप गळून पडत नाहीत. देवनागरी जाणणाऱ्या कोणीतरी ती ओळीओळीने शोधून काढावी लागतात. विभागांची पाने सर्वांना वाचण्यास खुली आहेत, आणि प्रत्येक विभागाच्या ‘इतिहास’ या पानावर कोणी, कधी, काय दुरुस्त केले याची नोंद राहते. मराठी विकिपीडियावरचा एखादा विभाग उघडून ते पान अवश्य पाहा. आपली लिपी यंत्राला शिकवण्याचे काम तिथे अजून चालू आहे.