अजिंठ्याच्या भिंतीसमोर घडलेला चित्रकार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वैजापूरकडच्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून मुले विचारतात, ‘हे कुणी काढलं?’ त्या चित्रकारांची नावे इतिहासाने ठेवलेली नाहीत. मात्र याच भिंतींसमोर बसून जे चित्रकलेत तयार झाले, त्यांची काही नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांतले एक पेस्तनजी बोमनजी.

पेस्तनजींचा जन्म १८५१ चा, मुंबईच्या पारशी समाजातला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली होती. तिथे पेस्तनजी आधी मूर्तिकामाकडे वळले. शिकवायला लॉकवुड किपलिंग होते, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील. पुढे ते जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली रंगकाम शिकू लागले.

शिक्षण सगळे विलायती वळणाचे. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती समोर ठेवायच्या, एका बाजूने उजेड घ्यायचा आणि छाया-प्रकाश हुबेहूब उतरवायचा. महिनोन्‌महिने हेच. आज हे कंटाळवाणे वाटेल, पण हात आणि नजर पक्की व्हायची ती त्यातूनच.

अशा तयारीचे विद्यार्थी घेऊन ग्रिफिथ्स १८७२ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला आले. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे राबून या चित्रांच्या प्रती केल्या होत्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि त्या जळाल्या, मोजक्याच वाचल्या. तेच काम आता नव्याने सुरू झाले. मनमाडहून रोटेगावमार्गे औरंगाबादला येणारी आगगाडी तेव्हा नव्हती, ती शतकाच्या अगदी अखेरीस आली. मुलूख निजामाचा आणि मुक्काम रानातल्या दरीत.

पेस्तनजी या गटात होते. जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा हेही होते. भिंतीवरच्या आकृत्या त्याच मापात कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायच्या होत्या. इथे शाळेतला धडा अपुरा पडणार हे उघड होते. पद्मपाणीच्या चेहऱ्यावर उजेड एका बाजूने येत नाही आणि त्याची सावलीही मागे पडत नाही. उठाव साधला आहे तो रेषेने आणि रंगाच्या हलक्या-गडद छटांनी. पुतळ्यावर तयार झालेल्या हाताला ही रेषा वेगळ्याने शिकावी लागली असणार. मला तर हीच त्यांची खरी दुसरी शाळा वाटते. छतावरच्या फळाफुलांच्या, पशुपक्ष्यांच्या चौकटीही त्यांनी टिपल्या. ते नमुने पुढे मुंबईच्या कलाशाळेत बनणाऱ्या भांड्यांवरही उमटले.

काम १८८५ पर्यंत चालले. सुमारे ३०० चित्रे तयार होऊन लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेली. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यांतली अनेक नष्ट झाली! गिल यांच्यानंतर हा दुसरा घाला. उरलेल्या प्रती आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरचे काही भाग पुढे आणखी झडले, त्यामुळे या प्रतींचे मोल वाढतच गेले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. चित्रे नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश दिले. ते पुढे काळवंडले, त्यावर धूळ बसली. जपायला आलेल्या हातांनीच इजाही झाली.

१८९६-९७ मध्ये अजिंठ्यावरचा दोन खंडांचा भव्य ग्रंथ निघाला, त्यावर लेखक म्हणून नाव ग्रिफिथ्स यांचे. त्यांची चिकाटी नाकारता येत नाही. पण प्रतींवर श्रम केले ते बहुतांशी या मुंबईच्या तरुणांनी, आणि ते तेरा वर्षे पुरले. सामान्य वाचकाला त्यांतली किती नावे ठाऊक आहेत?

पेस्तनजी स्वतः अजिंठ्याच्या शैलीत रंगवू लागले का? नाही. त्यांचे पोपटाला खाऊ घालण्याचे गाजलेले चित्र १८८२ चे, म्हणजे अजिंठ्याचे काम चालू असतानाचे. ते पूर्णपणे विलायती तैलरंगाच्या रीतीचे आहे. पारशी घरांतली माणसे, त्यांचे पोशाख, खोलीतला शांत उजेड, यातच त्यांचे मन रमले. भारतीय चित्रकारांनी अजिंठ्याकडून प्रेरणा घेण्याची लाट विसाव्या शतकात आली. पेस्तनजी १९३८ पर्यंत हयात होते. ती लाट त्यांनी डोळ्यांनी पाहिली.