नदीपलीकडे दिलेल्या

माझ्या आजीला तिचे सासर कोणते म्हणून कोणी विचारले, तर ती गावाचे नाव घेत नसे. "मले नदीपलीकडे देल्ली," एवढेच ती म्हणे. नदी म्हणजे वर्धा. आजीचे माहेर चांद्याकडचे, म्हणजे इंग्रजी मुलखातले. आमचे गडचांदूर राजुरा तालुक्यात, आणि राजुरा तालुका त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. अंतर पाहाल तर बैलगाडीचा एक दिवस. पण डोंग्यातून नदी उतरली की कचेरीतली लिपी बदले, कायदा बदले, राजा बदले आणि रुपयासुद्धा बदले. पलीकडे कलदार, इकडे हाली. आजीने पदराच्या गाठीला सहा कलदार बांधून आणले होते. सासरच्या वाण्याने त्याचे सात हाली मोजून दिले. "लग्नात मले नफा झाला तो तेवळाच," असे ती हसत सांगे. पण नवी नवरी असताना रोज संध्याकाळी ती पाण्याच्या निमित्ताने उंचवट्यावर जाऊन पूर्वेकडे पाहात बसे, हेही तिनेच सांगितलेले.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले. १९५६ मध्ये राजुरा नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. आजीचे सासर आणि माहेर एका जिल्ह्यात आले, पण तोवर माहेरी तिची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

ही हकीकत आठवायला कारण घडले ते आमच्याच घरात. माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी शिकायला म्हणून हॉलंडात गेली, तिथे नोकरीला लागली, आणि मागल्या वर्षी तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केले. दादांनी तेव्हापासून फोनला हात लावलेला नाही. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलतात. पोरगी सांगते की हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो, सासू फार चांगली आहे, पण जेवणाच्या टेबलावर सगळे भराभर त्यांच्या भाषेत हसतात तेव्हा आपण कशाला हसायचे ते कळत नाही. एक दिवस वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. अशा लग्नांचं पुढं काय होतं, ते कुठं लिहून ठेवलंय का?"

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपलीकडे मी शाळेत राहिलो तो मास्तर म्हणूनच. आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला खोटे रचायची सवय असते. पण वहिनींना रचलेले चालणार नव्हते. म्हणून घडलेलेच शोधायला बसलो.

पहिली गाठ पडली ती इंदूरच्या होळकरांशी. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागलेल्या तुकोजीराव होळकरांनी १७ मार्च १९२८ रोजी बडवाह येथे नॅन्सी मिलर नावाच्या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. त्याआधी नाशकात करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने तिची शुद्धी झाली आणि नॅन्सीची शर्मिष्ठा झाली. वर्तमानपत्रांना महिनोन् महिने पुरेल एवढा विषय मिळाला. ही हिंदू होऊ शकते काय, झाली तर जात कोणती, यावर त्या काळी भरपूर शाई खर्ची पडली.

पण या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपण तिला आत घ्यावे की नाही याचा खल करीत होतो, त्याच वेळी तिच्या देशाचा कायदा तिला बाहेर काढीत होता. अमेरिकेच्या १९२२ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा परकीयाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्व जात असे. आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसे त्या नागरिकत्वाला अपात्र ठरवली होती. हे कलम १९३१ मध्ये निघाले. स्वित्झर्लंडसारख्या देशात तर परकीयाशी लग्न करणाऱ्या मुलीचे नागरिकत्व जाण्याचा नियम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. आपल्याकडे 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणतात. तिकडच्या सरकारांनी तेच कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले होते. आणि हा नियम बायकांनाच. परदेशी बायको आणणाऱ्या पुरुषाचा देश कोणी काढून घेतला नाही.

मी ज्या बाईपाशी सर्वांत अधिक रेंगाळलो, ती मात्र राणी नव्हती. तिचे नाव ईव्ह इव्हॉन माडे. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावचा. वडील हंगेरियन, जिनिव्हात समाजशास्त्राचे प्राध्यापक, आई रशियन. म्हणजे परक्या मुलखात संसार मांडण्याचा पाठ तिला घरातच मिळालेला. १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकणारा विक्रम खानोलकर हा मराठी तरुण तिला आल्प्सच्या बर्फात भेटला. तो सुट्टीवर आला होता. पत्रव्यवहार सुरू झाला. वडिलांनी साफ नकार दिला. ज्यांनी स्वतः रशियन बायको केली, त्या प्राध्यापकांना हिंदी जावई नको होता! बाप कोणत्याही देशाचा असो, पोरीच्या बाबतीत त्याचे समाजशास्त्र कपाटात राहते. पण मुलगी ऐकणारी नव्हती. ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ मध्ये लखनौला तिचे लग्न झाले. ईव्हची सावित्री झाली.

आता गंमत पाहा. लष्करी अधिकाऱ्याची बायको म्हणजे छावणीतले जीवन, आणि त्या काळची छावणी म्हणजे छोटे विलायतच. क्लब इंग्रजी, जेवण इंग्रजी, बोलणे इंग्रजी. आपले हिंदी अधिकारी आणि त्यांच्या बायका काटेचमचे सावरायला शिकत होत्या. सावित्रीबाईंना तिथे काहीच बदलावे लागले नसते. पण त्यांनी उलट वाट धरली. साडी नेसल्या, मांसाहार सोडला, मराठी आणि हिंदी शिकल्या, आणि तेवढ्यावर न थांबता संस्कृतच्या मागे लागल्या. पुराणे वाचली, चित्रकला-नृत्य यांचा अभ्यास केला. आपण चुकून युरोपात जन्मलो, असे त्या म्हणत. हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण माझ्यासारख्या मास्तराला त्यामागे दिसते ती धातुरूपे घोकणारी विशीतली मुलगी. चुकून जन्मलेल्यालाही 'भवति भवतः भवन्ति' पाठच करावे लागते.

त्या घोकण्याचे फळ देशाला मिळाले. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी आपले स्वतःचे शौर्यपदक हवे होते. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्याच्या आराखड्याचे काम सावित्रीबाईंवर सोपवले. त्यांनी काय घेतले? दधीची ऋषींनी वृत्रासुराच्या वधासाठी आपला देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींचे इंद्राने वज्र केले, ती कथा. काशाची साधी चकती, मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रे, जांभळी फीत. आपल्या घरांतून ही कथा आजीकडून ऐकून सोडून दिली जाते. ती उपयोगाला आणली न्यूशातेलच्या मुलीने. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र सुरू झाले, ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करून. पहिले मानकरी ठरले मेजर सोमनाथ शर्मा, ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरात बडगामला पडलेले. हे सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर! आपण रेखाटलेले पदक मरणोत्तर आपल्याच व्याह्यांच्या घरात जावे, असा प्रसंग मी कादंबरीत घातला असता तर संपादकांनी तो कापला असता.

१९५२ मध्ये विक्रम खानोलकर वारले. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीच्याही नव्हत्या. त्या इथेच राहिल्या. रामकृष्ण मठाच्या कार्याकडे वळल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि २६ नोव्हेंबर १९९० रोजी याच देशात त्यांनी डोळे मिटले.

ही कथा मी वहिनींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "ती बाई मोठी होती. आमची पोर साधी आहे." आक्षेप रास्त होता. म्हणून मग जवळचे उदाहरण काढले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. क्रांतिकार्यापायी तरुणपणीच देशाबाहेर पडले, फिरत फिरत मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठे काम केले. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवले. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. मेक्सिको दोघांनाही परकाच. पण परक्या जागी दोघेही परके असले की हिशेब बरोबरीचा राहतो. खरी कसोटी १९५५ नंतर लागली असणार, कारण खानखोजे कुटुंब नागपूरला येऊन राहिले. तो स्वतःच्या घरी परतला, आणि ती दुसऱ्यांदा परकी झाली. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपुरातच वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभारला गेला. बाईंचा कुठे पुतळा असल्याचे मी वाचलेले नाही.

मोडलेलेही एक सांगितले. वहिनींपासून लपवणे मला बरे वाटेना. रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकल्या, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत कामाला होत्या. युरा स्लेप्ट्झॉफ या रशियन चित्रकाराशी त्यांनी लग्न केले. ते टिकले नाही. १९३८ मध्ये जन्मलेली मुलगी, म्हणजे आपल्या सई परांजपे, आईपाशी आणि आजोबांच्या छायेत वाढली. शकुंतलाबाई त्यामुळे खचल्या नाहीत. संततिनियमनाच्या प्रचाराला त्यांनी आयुष्य दिले, राज्यसभेत गेल्या. इथे वहिनींनी मध्येच विचारले, "म्हणजे बापानं दार उघडं ठेवलं होतं?" मी म्हटले, "हो."

शेवटी गेल ऑम्वेट. अमेरिकेतील मिनिआपोलिसची ही मुलगी महात्मा फुल्यांच्या चळवळीवर प्रबंध लिहायला महाराष्ट्रात आली. १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची सून झाली. सासू इंदुताई, म्हणजे बेचाळीसच्या लढ्यातली कार्यकर्ती. १९८३ मध्ये गेलबाईंनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्या गेल्या. मला वाटते, त्यांना रुळायला घर जेवढे कामी आले तेवढेच काम कामी आले. दुष्काळी परिषदा, परित्यक्ता बायकांचे मोर्चे यांत हिंडणाऱ्या बाईला 'मी इथली की तिथली' हे विचारायला सवड तरी कुठून मिळणार! पोरीला फोनवर मी एवढेच सांगितले की नोकरी सोडू नकोस, आणि त्यांची भाषा व्याकरणासकट शीक. मास्तराला दुसरे काय सुचणार?

कायद्याचेही सांगितले. आपल्या कायद्यात आता लग्नाने कोणाचा देश जात नाही. आपल्या मुलीने होऊन दुसरीकडचे नागरिकत्व घेतले तरच इथले सुटते. वहिनींनी ते दोनदा विचारून घेतले.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो वहिनींना वाचून दाखवला. दादा ओसरीवर पेपर तोंडापुढे धरून बसले होते. पान काही उलटत नव्हते. वहिनी म्हणाल्या, "चांगलं आहे. पण त्या पोरींच्या आया मागं राहिल्या, त्यांचं काहीच नाही."

त्यांचे कोठे लिहिलेले मला सापडले नव्हते.

परवा आम्ही फराळाचे पार्सल करायला बसलो. चकल्या, अनारसे, आणि पोरीने मुद्दाम सांगितलेली जवसाची चटणी. परदेशी पार्सलाला आत काय आहे ते वजनासह लिहून द्यावे लागते. माझे अक्षर बरे म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. मी यादी भरली, तिचा पत्ता लिहिला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात वहिनींचे नाव घालायला पेन टेकवले, तोच दादांनी चष्मा पुसत हात पुढे केला आणि म्हणाले, "आण इकडे. चटणी किती लिहिलीस? अर्धा किलो? अर्ध्या किलोनं काय होतं तिला!"