हिमबिबट्या आणि मेंढवाडा



वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा इतिहास म्हटला, म्हणजे कायदे, करार आणि परिषदा यांची जंत्री डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु आज ज्या प्राण्याची हकीकत मी सांगणार आहे, त्याचे भवितव्य सरकारी कचेऱ्यांत जितके ठरले, तितकेच ते डोंगरातल्या दगडी मेंढवाड्यांत ठरले आहे. हा प्राणी म्हणजे हिमबिबट्या. लडाखात त्याला ‘शान’ म्हणतात.

मध्य आशियापासून हिमालयापर्यंत बारा देशांत त्याचा वास आहे. तीन ते पाच हजार मीटर उंचीवरचे उघडेबोडके कडे हे त्याचे घर. करड्या अंगावर धुरकट ठिपके, रुंद पंजे, आणि जवळजवळ एक मीटर लांबीची झुबकेदार शेपटी! तिच्या योगे तो कड्यावर तोल सावरतो आणि निजताना तीच अंगाभोवती लपेटून घेतो. वाघासारखी डरकाळी मात्र त्याला फोडता येत नाही. भरल आणि आयबेक्स ही डोंगरी जनावरे त्याचे मुख्य भक्ष्य होत.

१७७५ साली श्रेबर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्यास शास्त्रीय नाव दिले. तथापि पुढे सुमारे दोनशे वर्षे बाहेरच्या जगाला तो ठाऊक होता, तो बहुतांशी कातड्यांवरून आणि प्राणिसंग्रहालयांतील पिंजऱ्यांवरून. १९७० साली जॉर्ज शॅलर यांनी चित्रळच्या डोंगरात त्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा कोठे रानातला हिमबिबट्या जगाने पाहिला. १९७३ साली शॅलर यांच्यासमवेत पीटर मॅथिसन हे लेखक नेपाळातील डोल्पो प्रांती गेले. त्या प्रवासावरील त्यांचा ग्रंथ हिमबिबट्याच्याच नावाने प्रसिद्ध झाला. परंतु साऱ्या प्रवासात तो प्राणी त्यांच्या दृष्टीस पडला नाही!

याच सुमारास कायद्याचे हात पुढे आले. १९७२ साली भारताने वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला. १९७५ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या कातड्याचा परदेशी व्यापार निषिद्ध ठरविला. जम्मू-काश्मीर राज्याने १९७८ साली आपला निराळा कायदा केला, आणि १९८१ साली लडाखात हेमिस राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

या उपायांनी शिकाऱ्याच्या बंदुकीस आळा घालता येत होता. मेंढपाळाच्या नुकसानीचे काय? मेंढवाड्याची भिंत ठेंगणी, वर छप्पर नाही. रात्री हिमबिबट्या आत उतरला, की मेंढरांना पळावयास वाट नसते. ती सैरावैरा धावतात, आणि तो एकामागून एक मारीत सुटतो. सकाळी मालक येऊन पाहतो, तो वर्षाची पुंजी मरून पडलेली. राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद मागावी कोणाकडे, असे आपण म्हणतो. त्याची अवस्था याहून निराळी नव्हती.

हे नुकसान केवढे, याचा हिशेब स्पितीच्या खोऱ्यात एकदा मांडला गेला. किब्बर अभयारण्याजवळच्या तीन गावांतील ऐंशी कुटुंबांविषयीचा चारुदत्त मिश्र यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. लांडगा व हिमबिबट्या यांनी अठरा महिन्यांत आपली १८९ जनावरे मारली, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. म्हणजे एकंदर पशुधनापैकी शेकडा १८! सरकारी भरपाई मिळाली, ती या नुकसानीच्या शेकडा तीन. तथापि गावची जनावरेही दहा वर्षांत शेकडा ३७ हून अधिक वाढली होती, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. दोष एकट्या श्वापदाचा नव्हता.

या हिशेबातून पुढचा मार्ग निघाला. किब्बरच्या गावकऱ्यांनी कुरणाचा काही भाग रानजनावरांसाठी मोकळा सोडला, आणि २००२ साली वर्गणी गोळा करून जनावरांचा विमा सुरू केला. त्याचा कारभार गावानेच पाहावयाचा. लडाखात रिन्चेन वांगचुक आणि रॉडनी जॅक्सन यांनी मेंढवाड्यांवर तुळया टाकून तारेची जाळी बसविण्याचे काम हाती घेतले. शिवाय हिमबिबट्या पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांस आपल्याच घरी पाळीपाळीने उतरवून घेण्याची प्रथा रुंबकसारख्या गावांत पडली. ज्याच्यामुळे घर बुडत होते, त्याच्याच नावावर घरात चार पैसे येऊ लागले.

भारताने २०१९ ते २०२३ या काळात प्रथमच पद्धतशीर गणना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेला तिचा आकडा ७१८ आहे. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला. मात्र कित्येक तज्ज्ञांना हा निर्णय मान्य झाला नाही. मोकाट कुत्री, नवे रस्ते व तापत चाललेले हवामान ही संकटे पुढे उभीच आहेत.

आपल्या कपाटातील पश्मिन्याची शाल ज्या शेळीच्या लोकरीची, ती याच उंच पठारांवर चरते. अशा शेळ्यांचे कळप वाढले, की रानजनावरांचा चारा घटतो. हिमबिबट्या जगावा, असे आपण शहरातील माणसे सहज म्हणून जातो. त्या इच्छेची किंमत आजवर डोंगरातला मेंढपाळ भरीत आला. जेथे ती वाटून घेतली गेली, तेथे त्याच्या मनातला दावा ओसरू लागला. ती सर्वत्र वाटून घेणे, हेच आता आपले कर्तव्य होय.